काकीच्या लाद्यांखालचा पाईप

आमच्या घरच्या नळाला पाणी यायच्या आधी खोकला यायचा. आई चूल पेटवून तोटी सोडायची, भिंतीत कुठेतरी खरखर व्हायची, तांबूस पाण्याची एक पिचकारी उडायची आणि मग करंगळीएवढी धार लागायची. पुढे पुढे तर ती वातीएवढीच राहिली. त्या धारेखाली कळशी लावून आई भाकऱ्या थापायला बसायची. पाच-सहा तांदळाच्या भाकऱ्या होऊन वर जवळ्याची चटणी परतून झाली तरी कळशी अर्धीच असायची. वरणभाताला लोखंडाचा वास यायचा. माझ्या शाळेच्या पांढऱ्या ओढणीला कितीही नीळ घातली तरी ती पिवळटच दिसायची. पाहुणे आले की आई त्यांना विहिरीचं पाणी द्यायची आणि नळाचं गार नसतं म्हणून सांगायची. नळ बिघडलाय हे आम्ही बाहेर कुणाला सांगत नव्हतो. ते सांगितलं की पुढचा प्रश्न नानाकाकाबद्दल यायचा, आणि आमच्या घरात तेवढं एक नाव घ्यायची सोय नव्हती.

घर कर्जत-खालापूर रस्त्यापासून जरा आत होतं. आबा आणि नानाकाका, दोघा भावांनी मिळून ते बांधलं होतं. आबा थोरले, भातगिरणीत कामाला आणि उरल्या वेळात शेतात. नानाकाका मोहोपाड्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. दोघांचं कशावरून फाटलं ते मला कधीच नीट समजलं नाही. आईच्या मते बांधावरच्या सागावरून, काकीच्या मते लग्नातल्या एका मानपानावरून. वाटणी झाली ती मात्र मला चांगली आठवते. गावातली चार मोठी माणसं ओसरीवर बसली आणि त्यांनी खोल्या वाटल्या, भांडी वाटली, तांब्याचा बंब आमच्याकडे आणि शिडी नानाकडे, आंब्याचे आंबे एक वर्षाआड, असं सगळं कागदावर घातलं. मधोमध भिंत उभी राहिली. पाण्याची टाकी नानाच्या खोलीवरच्या स्लॅबवर होती, कारण आमच्या बाजूला कौलं होती. टाकी सामाईक, असं कागदावर आलं. पण टाकीतून उतरून नानाच्या स्वयंपाकघराच्या जमिनीखालून आमच्या मोरीपर्यंत येणारा पाईप कुणाच्या कागदात आला नाही. तो जमिनीखाली होता, त्यामुळे तो कुणाला आठवला नाही. आंब्यांचा हिशेब करणारी शहाणी माणसं पाण्याला विसरली, याचं मला आजही हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि तरी रोज त्यांना बोलावं लागायचं, कारण विहिरीवरच्या मोटरचं बटण आमच्या पडवीत आणि टाकी नानाच्या डोक्यावर. आबा बटण दाबायचे. टाकी भरून पाणी स्लॅबवरून सांडायला लागलं की भिंतीपलीकडून नानाचा आवाज यायचा, "कुंदे, टाकी भरली." मी घरात असो नसो, हाक मलाच. मी शाळेत असले तरी नाना "कुंदे" म्हणूनच ओरडायचा आणि आबा गुपचूप उठून बटण बंद करायचे. कधी उशीर झाला की आबाही मलाच सुनवायचे, "कुंदे, तुज्या काकाला सांग, बटण बंद केलंय, उगा बोंबलू नको." मी दोन हात लांब उभी आणि नाना भिंतीच्या पलीकडे, प्रत्येक अक्षर त्याला ऐकू गेलेलं. तरी मी ओसरीवरून वळसा घालून जायचे आणि निरोप सांगून यायचे. नाना गंभीरपणे तो ऐकून घ्यायचा आणि उत्तर द्यायचा. लहान होते तोवर मला यात मोठेपणा वाटायचा. मोठी झाले तशी ती हाक मला नकोशी व्हायला लागली.

नळाची धार बारीक होत गेली तशी आबांची खात्री होत गेली की हे नानाचंच काम. नानाच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली, लाईनीला एक व्हॉल होता, म्हणजे चाक फिरवून पाणी बंद करायची सोय. "आवळून ठेवतो तो. आमाला थेंब थेंब देतो नि आपण अंगोळी करतो," आबा जेवताना म्हणायचे. त्यांच्या नळाला पाणी आमच्यापेक्षा बरं यायचं हे खरं होतं. काकीकडे मागितलं असतं तर तिनं हंडे भरून दिले असते. पण भिंतीपलीकडचं पाणी आणायचं नाही, असा आबांचा हुकूम होता. मग विहीर उरली. त्याच विहिरीतून मोटर पाणी ओढून माझ्या डोक्यावरून टाकीत टाकायची, आणि त्याच विहिरीवरून मी डोक्यावर हंडे घेऊन चढण चढायचे. आधी हे काम आईचं होतं. एका पावसाळ्यात पायरीवरून घसरून ती कंबरेवर पडली आणि त्यानंतर तिला वाकता येईना. मग ते माझ्याकडे आलं. सकाळी आठ खेपा, संध्याकाळी चार, पाहुणे असले तर मोजायचं नाही.

बारावी झाल्यावर अलिबागला नर्सिंगसाठी माझा नंबर लागला. कर्जतला जाऊन यादी बघून आलेल्या आमच्या बाईंनी स्वतः घरी येऊन सांगितलं. आई रडली. आबांनी बाईंना चहा दिला, पानाचं तबक पुढे केलं आणि त्या गेल्यावर मला म्हणाले, "जा की. माझी ना नाय. फक्त पाण्याचं काय ते होऊ दे. तुज्या आयशीला हंडा उचलवंल का?" यात खोटं काही नव्हतं. बाईंनी आणलेलं पत्र माझ्या हातात होतं. त्यात लिहिलं होतं की अमुक सोमवारी फी आणि कागद घेऊन हजर राहा, नाही तर जागा पुढच्या नंबराला जाईल. विहिरीकडची पायवाट मी किती वेळा चढले-उतरले असेन देव जाणे, पण त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की मी या वाटेवरच म्हातारी होणार. रात्री पाठ जमिनीला लागली की मानेत ठणका मारायचा आणि मला आईचा राग यायचा. पडलेल्या, वाकता न येणाऱ्या आईचा. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण यायचा.

नळाचं काम करून घ्यायचं असं ठरलं आणि भिसेगावातून मारुती मिस्त्री आला. बारीक अंगाचा, पन्नाशीचा माणूस, खांद्याला पिशवी, पिशवीत दोन लोखंडी पाने आणि पायपाला आटे पाडायचं अवजार. त्याला लिहायचा कंटाळा होता. त्यानं मला टेपचं एक टोक धरायला लावलं आणि मापं सांगत गेला, मी ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेले. मोरीपासून मधल्या भिंतीपर्यंत एवढे फूट, भिंतीतून एवढे, पलीकडे अंदाजाने एवढे. भिंतीला कान लावून तो पान्याने ठोकायचा आणि पाईप कुठून जातो ते सांगायचा. मी विचारलं, "पायपाला किती लागतील, मिस्त्री?"

"पायपाचं काय नाय गं. पाईप सगळ्यात सस्ता," तो म्हणाला. "पाईप भितीत हाय ना. भित फोडायची, जुना काढायचा, नवा टाकायचा, भित बुजवायची, वर गिलावा, वर रंग. जमिनीत हाय तिथं लादी उचलायची नि परत बसवायची. लोकं मला पायपाचा भाव इचारत बसतात. पैसा जातो फोडण्यात नि बुजवण्यात."

मागच्या महिन्यात नेरळला, मी आता राहते त्या इमारतीची सभा झाली. इमारत जुनी झाली, पाईप बदलायचेत. सेक्रेटरींनी आकडा वाचून दाखवला आणि सगळे एकदम बोलायला लागले, पायपाला एवढा खर्च कसा, आमच्या ओळखीचा अर्ध्यात देतो, वगैरे. प्रत्येकाच्या मोरीत आता वरपर्यंत चकाचक टाइल्स आहेत आणि पाईप त्यांच्या मागे आहेत. मी उठून मारुती मिस्त्रीचंच वाक्य सांगितलं. म्हातारी काय बोलतेय म्हणून दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पायपाच्या भावावर भांडायला लागले. घरी येऊन मी ही वही उघडली आणि हे लिहायला बसले.

तर मिस्त्रीनं दोन हिशेब सांगितले आणि मी ते दोन कागदांवर उतरवले. पहिला, आहे त्याच वाटेनं. टाकीवरून खाली, नानाच्या स्वयंपाकघरातून आमच्या मोरीत. तिथल्या सात-आठ लाद्या उचलायच्या, मधली भिंत एका जागी फोडायची, दोन दिवसांत काम. दुसरा, नानाच्या घराला हात न लावता. त्यासाठी आमच्या परसात नवा चौथरा, त्यावर नवी टाकी, विहिरीपासून निराळी लाईन, मग घरात. दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीच्याही वर गेला. आबांनी दोन्ही कागद ओसरीवर मांडीवर ठेवून बराच वेळ पाहिले. आबांनी गिरणीच्या बोनसातून आणि भात विकून जे बाजूला ठेवलं होतं, त्यात पहिलं काम आणि माझी फी दोन्ही बसत होतं. दुसऱ्यात फक्त पाणी बसत होतं.

"दुसरं धर," आबा मिस्त्रीला म्हणाले.

"आरं दादा, भावाला येकदा इचार तरी," मिस्त्री म्हणाला. "दोन दिसाचं काम हाय. तो काय नाय म्हणंल?"

"इचारायला मी त्याच्या दारात जाऊ? पाणी त्यानं तोडलं आणि हात मी जोडू?" आबांनी पहिला कागद घडी करून मला दिला. "कुंदा फुडल्या वर्सी जाईल. येक वर्सात काय होतंय."

एका वर्षात काय होतं ते मला माहीत होतं. माझ्या बरोबरीच्या सविताचं एका वर्षात लग्न झालं होतं. दोन कागदांमधला फरक म्हणजे माझी फी आणि होस्टेलची अनामत, जवळजवळ तेवढीच. आबा आणि नाना एकमेकांशी बोलत नव्हते याचा खर्च तेवढा होता आणि तो मी द्यायचा होता. हे मी तोंडानं बोलले असते तर आबांनी मला मारलं नसतं, त्यांनी कधी हात उगारला नाही, पण चार दिवस जेवले नसते.  मी हंडे घेतले आणि विहिरीवर गेले, आणि तिथे पायरीवर बसून मनसोक्त रडून घेतलं.

येताना काकीनं मला मागच्या दारातून पाहिलं. शालनकाकी तेव्हा असेल पस्तिशीची, पण दिसायची थोराड. ती आमच्या गावची नव्हती, चौकच्या पलीकडची. लग्न होऊन आल्यापासून माहेर, बाजार आणि दवाखाना सोडला तर ती कुठे गेली नव्हती. नाना पाळीवरून येऊन झोपायचा, उठायचा, जायचा. मूल झालं नाही. तिच्याकडे एक गोष्ट होती, तिचं स्वयंपाकघर. नानानं एका दिवाळीला तिथे लाद्या बसवून दिल्या होत्या, पांढऱ्या, त्यावर फिक्या निळ्या फुलाची नक्षी. गावात तशी जमीन कुणाकडे नव्हती. काकी ती दिवसातून दोनदा पुसायची. चप्पल घालून आलेल्या माणसाकडे ती अशी बघायची की माणूस आपोआप मागे सरायचा. आमच्या आईनंही, बोलणं नसताना, एकदा कबूल केलं होतं की जमीन बघण्यासारखी आहे.

"हंडा ठेव खाली," काकी म्हणाली. "काय झालं? डोळं असं का?"

मी सगळं सांगून टाकलं. दोन कागद, सोमवार, आबांचं म्हणणं. सात-आठ लाद्या उचलाव्या लागतील हेही सांगितलं. ते सांगताना मी तिच्या पायाखालच्या निळ्या फुलांकडे बघत होते, तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.  वालाचं बिरडं शिजत होतं, त्याचा वास सगळीकडे भरला होता. मग तिनं पातेल्यावरचं झाकण सरकवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मी ह्यांना सांगते, दादांनी निरोप धाडलाय, पायपाला तुमची जागा लागंल, हो म्हणा. तू तिकडं जाऊन सांग, नानाकाकाच म्हणाला, काम आमच्या घरातनं करा, उगा खर्चात पडू नका. दोघांनाबी वाटंल, दुसरा वाकला."

"पण काकी, कळलं म्हंजे?"

"कसं कळंल? बोलतात कुठं ते?"

मी गेले आणि आबांना सांगितलं. आयुष्यात मी इतके निरोप इकडचे तिकडे केले होते, पण खोटा निरोप हा पहिलाच. आबांनी ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला की मला भीती वाटली. "बघ," ते आईला म्हणाले, "आला शेवटी लाईनीवर." पलीकडे नानाचंही तसंच झालं असणार. त्या दिवशी "कुंदे, टाकी भरली" ही हाकसुद्धा जरा मऊ आली.

गुरुवारी मिस्त्री आला. नानाला सुट्टी होती. काकीनं स्वयंपाकघरातली भांडी बाहेर काढून ठेवली होती आणि ती दाराशी पदर खोचून उभी होती. मिस्त्रीनं छिन्नीनं लाद्यांच्या कडा सोडवायला सुरुवात केली. पहिली अख्खी निघाली. दुसरी निघाली. तिसरीला मधोमध तडा गेला, आणि मग एकामागून एक फुटतच गेल्या. खाली सिमेंटचा पक्का माल घातलेला, त्याला मिस्त्री तरी काय करणार. प्रत्येक आवाजाला काकीचा खांदा थोडा हलायचा. ती तिथून हलली मात्र नाही. मिस्त्रीनं जमीन खणली, करवतीनं पाईप कापला आणि तेवढ्यात आबा आले. ते यायचे नव्हते. पण दुसरा वाकला म्हटल्यावर त्यांना राहवलं नसणार. वाटणीनंतर सात वर्षांनी ते त्या उंबऱ्यात उभे राहिले, आणि नाना खाटेवरून उठला.

"ये दादा," नाना म्हणाला. "तू निरोप धाडलास, बरं वाटलं."

"मी?" आबा म्हणाले. "मी कशाला धाडू? तूच बोलावलंस ना."

मिस्त्रीनं करवत खाली ठेवली. दोघेही आधी एकमेकांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मला वाटलं ही भिंत मागे सरकेल तर बरं. आबांचा चेहरा लाल झाला. "मिस्त्री," ते म्हणाले, "बुजव ते. आमचा आमी दुसरीकडनं बघू. येवढी वर्सं व्हॉल आवळून पाणी अडवलं याने, आता याच्या घरातनं मला पाणी नको."

"मी अडवलं?" नाना म्हणाला. त्याला खरंच काही कळलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून एखाद्या पोरालाही समजलं असतं.

मिस्त्रीनं कापलेल्या पायपाचा वीतभर तुकडा उचलला आणि आबांच्या हातात दिला. "दादा, यात बोट घालून बघ." आबांनी बोट घातलं, ते गेलं नाही. पाईप बाहेरून धडधाकट होता आणि आत तांबड्या गंजानं भरत भरत आला होता. मधे पेन्सिल जाईल एवढं भोक राहिलं होतं. "आन् व्हॉल म्हणतोस तर तो सकाळपासनं मी फिरवून बघतोय. चाक जाम हाय. बसवल्यापासनं कुणी हात लावला नाय त्याला. पुरा उघडा हाय." आबांनी तो तुकडा दाराच्या उजेडाकडे धरला आणि त्यातून पाहिलं. मग उलटा करून पाहिलं. माफी मागणं त्यांना येत नव्हतं, त्यांच्या पिढीतल्या कुणालाच येत नव्हतं बहुतेक. ते उंबऱ्यावर बसले आणि मिस्त्रीला म्हणाले, "चालू दे."

काम सुरू झालं. मला वाटलं झालं, सुटले. पण आबांना मी तेवढं ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवशी पाईप पडला, आमच्या मोरीत तोटी सोडली तेव्हा बादलीचा तळ वाजला आणि आई कंबर धरून नुसती उभी राहून ते बघत राहिली. त्याच दुपारी मिस्त्री कर्जतच्या आणि पनवेलच्या दुकानांत फिरून परत आला. तसल्या निळ्या फुलाच्या लाद्या आता येत नाहीत, म्हणाला. नक्षी बंद झाली. आहेत त्या दोन बसतील, बाकी पट्टा वेगळा दिसेल. हे ऐकून आबा एकदम ताठ झाले. इतकी वर्षं भावावर घेतलेला आळ त्यांच्या अंगावर येऊन बसला होता आणि तो कुठेतरी उतरवायला त्यांना जागा हवी होती. "सगळी जमीन नवी करून देतो," ते म्हणाले. "अख्खी. चांगल्यातली. आमच्या पायपापायी फुटली, आमी देणार. कुणाचे उपकार नको." मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं सांगितलेला हिशेब मीच लिहिला होता, त्यामुळे अख्ख्या जमिनीला काय लागेल ते मला तोंडी करता आलं. फी पुन्हा गेली होती.

  मला बोलायला जागाच नव्हती, मी आधीच खोटी ठरले होते. मला आठवतं, त्या क्षणी मला राग नाही आला, फक्त खूप थकवा आला, आणि मनात म्हटलं की बरं झालं, आता आशा नको, हंडे नाहीत एवढं तरी आहे. अठराव्या वर्षी माणूस इतक्या लवकर मान टाकतो हे मी पुढे वॉर्डात पुष्कळ मुलींच्या बाबतीत पाहिलं आणि प्रत्येक वेळी मला तो दिवस आठवला.

आणि मग शालनकाकी बोलली. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नसे. पाणी द्यायचं तर भांडं खाली ठेवायची आणि मागे व्हायची. भांडण नव्हतं तेव्हाही काकीचा आवाज आबांनी कधी सरळ ऐकला नसेल. ती दाराआडून पुढे आली, डोक्यावरचा पदर तसाच, आणि आबांकडे बघून म्हणाली, "दादा, मला नको नवी जमीन."

आबा इतके दचकले की उभेच राहिले. नाना म्हणाला, "अगं शालन," आणि पुढे सरकला.

"पट्टा दिसतो तर दिसू द्या," काकी म्हणाली. "तुमच्या परसात काळ्या फरशीचे तुकडे पडलेत ना, मोरीतनं उरलेले, तेच लावा. मिस्त्री, आजच लावा. नि ते पैसे पोरीला द्या. सोमवारी जायचंय तिला. निरोप तिनं नाय, मी बनवला. बोलायचं तर मला बोला."

तिनं पूर्ण वाक्यं बोलून संपवली.  आबांनी मान खाली घातली आणि ते परसात गेले. स्वतः काळ्या फरशीचे तुकडे उचलून आणून त्यांनी मिस्त्रीपुढे ठेवले, एकेक करून, चार खेपा. नाना त्यांच्या हातातून घ्यायला पुढे झाला. शेवटचा मोठा तुकडा दोघांनी मिळून आणला. पांढऱ्या-निळ्या जमिनीच्या मधोमध, ओट्यापासून भिंतीपर्यंत, काळा पट्टा बसला. तो वाईट दिसत होता. कुणी काही म्हटलं तरी वाईटच दिसत होता.

मी तेव्हा काकीचे आभार मानले नाहीत. नंतरही कधी धड मानता आले नाहीत. मला तिच्यासमोर जायचीच चोरी झाली होती. पण रविवारी सकाळी पत्र्याची पेटी आबांनी सायकलला बांधली, आईनं भाकरी-चटणीची पुरचुंडी हातात दिली, आणि काकीच्या पाया न पडता निघणं मला जमेना. मी मागच्या दारानं गेले. ती जमीन पुसत होती, रोजच्यासारखी, आधी पांढरी, मग काळी, मग पुन्हा पांढरी. काळ्यावर फडकं थोडं जास्त वेळ फिरत होतं, तिथे माल अजून सुटत होता. मी वाकले. तिनं ओल्या हातानं माझ्या डोक्याला स्पर्श केला.

"काकी, तुझी जमीन," मी म्हटलं.

"मला काय त्याचं? मी इथंच हाय," ती म्हणाली. "बघंन की रोज. सवय व्हईल." मग तिनं दाराकडे पाहिलं, बाहेर आबा सायकलची घंटी वाजवत होते, आणि माझा दंड धरून ती हलक्या आवाजात म्हणाली, "सणाला ये गं कुंदे. राहायला येऊ नको."